शेताच्या कडेला निघालेला दगड: हातकुऱ्हाड की नुसता गोटा? आणि ती माणसं इथे राहायची कशी?

प्रवराकाठची

नमस्कार मंडळी. आमचं शेत नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठाला लागून आहे. यंदाच्या पावसात नदीकडची दरड ढासळली. काळ्या मातीच्या खाली पिवळसर मातीचा जाड थर आहे आणि त्याच्याही खाली गोट्यांचा एक थर उघडा पडलाय. गोटे चुनखडीत एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत. त्यातलाच एक दगड सुटून खाली पडला होता, तो मुलीने उचलून आणला. वीतभर लांब, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला जाड. एका बाजूला गोट्याची मूळ गुळगुळीत साल थोडी शिल्लक आहे, बाकी सगळीकडे छिलके उडाल्यासारख्या खुणा. रंग वरून तपकिरी-राखाडी. दोन फोटो जोडले आहेत.

मुलगी पाचवीत आहे. तिच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात कुशल मानव, ताठ कण्याचा मानव हे सगळं आहे आणि तिचं ठाम म्हणणं आहे की ही हातकुऱ्हाड, म्हणजे आदिमानवाने मुठीत धरायला घडवलेलं दगडी हत्यार. सासरे म्हणतात, नदीत आपटून असे हजार दगड तयार होतात. मला दोघांनाही नीट उत्तर द्यायचं आहे. ओळखायचं कसं? आणि दुसरं असं, की पुस्तकात आदिमानव म्हटलं की गुहा आणि शिकार. आमच्याकडे तर मैलोनमैल गुहा नाही. मग ती माणसं इथे राहायची कुठे, खायची काय? माहीतगारांनी जरा सविस्तर लिहावं.

टाकीचा घाव

ताई, फोटो मोठे करून पाहिले. माझं मत मुलीच्या बाजूने आहे, पण ते का, हे सांगतो म्हणजे सासऱ्यांनाही दगड हातात घेऊन पडताळता येईल.

थोडं माझ्याबद्दल, कारण मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तिथून आलंय. आमचं घर दगडाच्या कामातलं. वडील पाट्या-वरवंट्यांना, जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचे. मी पुढे इतिहास शिकलो आणि शिकवतो, पण काळा दगड कसा फुटतो हे मला पुस्तकाआधी अंगणात कळलं. वडील दगड घेण्याआधी सुतकीने हलका ठोका मारून ऐकायचे. खणखणीत वाजला तर आतून अखंड, भद्द वाजला तर आत भेग. आपल्याकडच्या काळ्या दगडातही दोन तऱ्हा. एक घट्ट, बारीक कणांचा. दुसरा बुडबुड्यांचा, पांढऱ्या गारांनी भरलेला, ज्याला आम्ही मांजऱ्या म्हणतो. मांजऱ्या कधी सरळ फुटत नाही. तुमच्या फोटोतला दगड घट्ट, बारीक कणांचा आहे. प्रवरेच्या पात्रात मांजऱ्याचे गोटे हवे तेवढे पडलेले असताना हत्यारं मात्र घट्ट बेसॉल्टची (हाच आपला काळा दगड) आणि डोलेराइटची (त्याच्याच जातीचा, जरा भरड कणांचा) मिळतात. कुणीतरी निवडून उचलल्याची ही पहिली खूण.

दुसरी खूण छिलक्यांची. घट्ट दगडावर कडेजवळ नेमका ठोका बसला की चपटा छिलका उडतो आणि मागे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी खोलगट जागा राहते. नदीतही गोट्यावर गोटा आपटतो, पण तेव्हा मार बसतो तो पुढे आलेल्या कोपऱ्यांवर, कुठेही, कसाही. एकाच कडेवर, एकाआड एक, दोन्ही तोंडांवरून छिलके काढायला नदीला काही कारण नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजवी कड पाहा. एक खूण वरच्या तोंडावर, तिच्या शेजारची खालच्या तोंडावर, पुन्हा वर. कड त्यामुळे किंचित नागमोडी झालीय. हे असं होतं कारण घडवणारा एक छिलका काढतो, दगड हातात उलटा करतो, आणि आत्ताच पडलेल्या खुणेच्या काठावर पुढचा ठोका देतो. आधीची खूण हीच पुढच्या घावाची बैठक.

तिसरी खूण चुनखडीची. खुणांच्या खोबणीत पांढरे कण चिकटलेत ना? म्हणजे छिलके आधी उडाले, दगड नंतर थरात गेला. जेसीबीच्या दातरीने किंवा हल्ली कुणी फोडलेल्या दगडाचं तोंड आतून काळंभोर, ताजं दिसतं. इथे सगळ्या खुणांवर एकच जुना तपकिरी रंग चढलाय.

आता तुमच्या गावाबद्दल. नेवासा म्हटलं की आपल्याला पैस खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते. पुरातत्त्वाच्या जगातही या गावाचं नाव तितक्याच आदराने घेतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 मध्ये इथे उत्खनन केलं आणि मराठा काळापासून खाली जात जात अश्मयुगापर्यंतचा माग एकाच गावात लावला. मधल्या पुराश्मयुगातल्या (जुन्या दगडी युगाच्या मधल्या टप्प्यातल्या) छोट्या हत्यारांच्या परंपरेला तर त्यांनी ‘नेवासियन’ हेच नाव दिलं. नंतर 1966 ते 1969 या काळात गुडरुन कोर्विनस नावाच्या जर्मन बाईंनी जवळच चिरकी इथे, प्रवरेच्या काठी, पद्धतशीर उत्खनन केलं. हातकुऱ्हाडी, क्लीव्हर, तोडहत्यारं, हातोडीचे गोटे, छिलके, असा सगळा संसार तिथे निघाला. याच बाई पुढे इथिओपियात गेल्या आणि गोना-हदर भागातल्या दगडी हत्यारांची पहिली नोंद करणाऱ्यांत त्या होत्या. गोनाची हत्यारं पुढे सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीची ठरली. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

क्लीव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला त्यातच खरा माणूस दिसतो. हातकुऱ्हाड टोकदार असते. क्लीव्हरला टोक नसतं, तिथे कुऱ्हाडीच्या पात्यासारखी आडवी सरळ धार असते. गंमत अशी की ही धार नंतर घडवलेली नसते. आधी एक मोठा धोंडा घ्यायचा, त्यावर काही किलोंच्या गोट्याने एकच जबर घाव घालून वीतभराचा छिलका उडवायचा. त्या छिलक्याची एक कड जन्मतःच धारदार असते, ती तशीच राखायची, हात लावायचा नाही. फक्त दोन्ही बाजू आणि बूड ठोकून हातात बसेल असं करायचं. म्हणजे धोंडा फुटण्याआधीच ती धार कुठे येणार हे डोळ्यांसमोर हवं. मी स्वतः काळ्या दगडावर हे करून पाहतो. घावाचा कोन जरा चुकला तर छिलका मध्येच तुटतो, धोंडा वाया जातो आणि मनगटाला जी झिणझिणी येते ती रात्रीपर्यंत जात नाही. लाखो वर्षांपूर्वी इथे बसून ज्याने हे लीलया केलं, त्याला ‘रानटी’ म्हणताना माझी जीभ अडते. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत हातात सोटा घेतलेला, केस पिंजारलेला, मंद चेहऱ्याचा जो माणूस काढतात, त्याच्याशी या दगडाचा मेळ बसत नाही.

गुहेचं म्हणाल तर तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. आपल्या बेसॉल्टात चुनखडकासारख्या नैसर्गिक गुहा सहज होत नाहीत. अजिंठा-वेरूळ म्हणजे माणसाने खोदलेली लेणी. नैसर्गिक निवारे पाहायचे तर मध्य प्रदेशात भीमबेटक्याला जायला हवं. वि. श्री. वाकणकरांनी 1957 साली ते जगापुढे आणले. तिथला वालुकाश्म ऊन-पावसाने झिजून वरून छत पुढे आल्यासारखा झालाय आणि तिथे माणसांनी फार दीर्घ काळ आसरा घेतला. पण दख्खनच्या पठारावरची, आणि आफ्रिकेतलीही, जुन्या पुराश्मयुगाची बहुतेक ठिकाणं उघड्यावरची आहेत, नदीकाठी, झऱ्याकाठी, तळ्याकाठी. गुहांत वस्तू झाकल्या जातात, टिकतात, शोधणाऱ्यांना सापडतात. म्हणून चित्रांत गुहा फार. माणसं मात्र पाणी आणि चांगला दगड जिथे एकत्र मिळेल तिथे बसत. नेवाशाला दोन्ही होतं.

खाण्याबद्दल ‘रानमेवा’ ताईंनी लिहावं, त्यांचा तो विषय आहे.

कंकर

वरचा प्रतिसाद आवडला. मी भूशास्त्राचा माणूस, म्हणून दोन गोष्टी जोडतो आणि एका ठिकाणी थोडा हात आखडता घ्यायला सांगतो.

गोट्यांच्या थरात हत्यार सापडलं म्हणजे माणूस नेमका तिथेच बसला होता असं होत नाही. पुरात दगड वाहतात. त्यासाठी कडांवर बोट फिरवून पाहा. खुणांच्या मधल्या धारा अजून उठून लागत असतील तर दगड फार वाहिलेला नाही. सगळं गोलसर झालं असेल तर तो वरून कुठून तरी आलाय.

वयाचं म्हणाल तर दगडाचं वय काढून उपयोग नाही. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तो कधी फोडला हे त्यातून कळत नाही. वय काढायचं ते थराचं. नेवाशाच्या थरांना युरेनियम-थोरियम पद्धत (युरेनियमचं थोरियम किती झालं यावरून वय काढणारी) लावली तेव्हा उत्तर आलं ‘साडेतीन लाख वर्षांहून जुनं’. त्या पद्धतीची मोजण्याची हद्दच तिथे संपते, म्हणजे प्रत्यक्षात थर कितीतरी जुना असू शकतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवरच्या बोरीला तर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याबरोबर अशीच हत्यारं आहेत. ती राख सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याहून कितीतरी आधीच्या स्फोटाची, यावर संशोधकांत मोठा वाद झाला. चेन्नईजवळच्या अतिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी याच परंपरेच्या हातकुऱ्हाडींचे थर सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचे ठरवले आहेत. आफ्रिकेत तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला हातकुऱ्हाडी साडेसतरा लाख वर्षांपूर्वी दिसतात. म्हणजे ही कला भारतात फार लवकर पोचली.

आणि हो, ही हत्यारं करणारे आपल्यासारखे होमो सेपियन्स नव्हेत. भारतात त्या काळातल्या माणसाचा सर्वांत महत्त्वाचा सांगाडी पुरावा म्हणजे नर्मदेकाठी हथनोऱ्याला 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना मिळालेली कवटी. फक्त वरचा भाग मिळाला, आणि ती ताठ कण्याच्या मानवाची की त्याच्या पुढच्या टप्प्याची, यावर एकमत नाही. पाठ्यपुस्तकात एकामागून एक माणसं उभी केलेली असतात, तशी रांग प्रत्यक्षात नव्हती. एकाच काळात दोन-तीन प्रकारची माणसं पृथ्वीवर नांदत होती.

टाकीचा घाव

कंकरसाहेब, कडांचा मुद्दा मान्य. फोटोत धारा बऱ्यापैकी शाबूत वाटतात, पण हातात घेतल्याशिवाय ठाम सांगू नये, हे खरं.

रानमेवा

मला नाव घेऊन बोलावलंय म्हणून लिहिते. मी सातपुड्यात आदिवासी बायकांबरोबर रानभाज्या आणि कंदांच्या नोंदी करते. आजच्या आदिवासींना आदिमानवाचे नमुने समजणं हा त्यांचा अपमान आहे आणि शास्त्रालाही धरून नाही. ती आपल्याच काळातली, आपल्याइतकीच पुढे आलेली माणसं. पण या जमिनीत, या पावसात काय काय खाता येतं, हे त्यांच्याकडून शिकल्याशिवाय पुराश्मयुगाच्या पोटात शिरताच येत नाही.

ही वाट दाखवली ती डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी. उत्तर कर्नाटकात हुणसगीच्या खोऱ्यात त्यांनी वर्षानुवर्षं पायी फिरून अशा हत्यारांच्या जागा नोंदवल्या. जवळच्या इसामपूरला तर दगड काढायची आणि घडवायची जागाच सापडली, चुनखडकाच्या लाद्या, फुटके तुकडे, अर्धवट सोडलेली हत्यारं. तिथल्या जनावरांच्या दातांवरून वय बारा लाख वर्षांच्या आसपास आलं. पद्दय्यांनी त्या भागातली खाण्याजोगी झाडं, कंद, जनावरं ऋतूंप्रमाणे नोंदली आणि मांडणी अशी केली की उन्हाळ्यात पाणी आटलं की टोळ्या बारमाही झऱ्यांजवळ गोळा होत आणि पावसाळ्यात पाणी-चारा सगळीकडे झाला की पांगत. मला हे वाचताना पठार डोळ्यांसमोर हलायला लागतं. गुहेतला एकच एक पत्ता नाही, वर्षभराची ये-जा.

खाणं म्हणजे शिकार, हे चित्र पुरुषांनी काढलंय असं मी स्पष्ट म्हणते. हाडं टिकतात, कंदाची साल टिकत नाही. हाडांवर दगडी हत्याराच्या कापल्याच्या खुणा दिसतात, म्हणून मांसाची गोष्ट सांगता येते आणि ती खरीच आहे. इंग्लंडमध्ये बॉक्सग्रोव्हला सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी घोडा फाडून खाल्ल्याच्या खुणा हातकुऱ्हाडींसोबत स्पष्ट मिळाल्या. पण इस्रायलमध्ये गेशेर बेनोत याकोव इथे सगळं पाण्यात बुडालेलं राहिल्यामुळे बिया, फळं, टरफलं टिकली आणि एकदम वेगळं ताट समोर आलं. सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची ती माणसं कितीतरी प्रकारच्या वनस्पती खात होती, टणक फळं दगडावर फोडत होती, मासे खात होती, आणि विस्तव वापरत होती. माशांच्या दातांवरून ते मासे शिजवले होते असंही 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्या पठारावर उंबर, बोरं, टेंभुर्णी, चारोळी, मध, नदीतले खेकडे, शिंपले, मासे, आणि जमिनीखालचे कंद. बरेचसे हातांनी मिळणारे. कंद खणायला काठी लागते आणि काठीला टोक करायला धारदार दगड लागतो. तुमच्या हातातली कुऱ्हाड लाकूड तासण्यासाठीही असेल, हे मनात असू द्या. विस्तवाशिवाय मात्र निम्मे कंद पोटाला चालत नाहीत. आमच्याकडे कडू कंद उकडून, चकत्या करून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. आईने मुलीला दाखवल्याशिवाय हे येत नाही, आणि एकदा जरी चुकलं तरी घरभर उलट्या.

म्हणून ‘टाकीचा घाव’ दादांनी घडवणाऱ्याला ‘तो’ म्हटलंय, तिथे मी ‘ती’ही लिहीन. दगड कुणी फोडला हे दगडावर लिहिलेलं नसतं.

टाकीचा घाव

ताई, बरोबर बोललात. आमच्या घरी आईही टाकी चालवायची.

प्रवराकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी काल संध्याकाळी दगड उन्हात तिरका धरून पाहिला. खुणा एकाआड एक आहेत हे त्यांना पटलं. धारा बोटाला लागतात. मुलीचा आता नवा प्रश्न आहे: ही माणसं बोलत होती का? आणि म्हातारी माणसं असायची का त्यांच्यात? तिच्या आजोबांना दाढा नाहीत, म्हणून विचारते आहे.

टाकीचा घाव

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला भक्कम पुरावा आहे. जॉर्जियात दमनिसी नावाच्या ठिकाणी सुमारे 17 लाख 70 हजार वर्षांपूर्वीच्या कवट्या मिळाल्या. त्यातल्या एका वयस्क माणसाच्या तोंडात एकच दात उरला होता. दात मेल्यानंतर पडलेले नव्हते, जिवंतपणी पडले होते, कारण दातांच्या खोबणी हाडाने पूर्ण भरून आल्या होत्या. हाड असं भरायला वर्षं लागतात. म्हणजे दात नसताना तो माणूस वर्षानुवर्षं जगला, थंडीच्या मुलखात, जंगली जनावरांच्या शेजारात. मगज, मऊ फळं, दगडावर ठेचलेलं मांस, काहीतरी त्याला मिळत राहिलं. कुणीतरी ठेचून दिलं असेल, असंच बऱ्याच संशोधकांना वाटतं आणि मलाही वाटतं. आजोबांना हे वाचून दाखवा.

बोलण्याचं सांगताना मी जपून सांगेन. लोक म्हणतात, एवढं कठीण हत्यार शिकवायचं तर भाषा हवीच. माझा अनुभव तसा नाही. वडिलांनी मला टाकी धरायला शिकवली तेव्हा शब्द फार थोडे वापरले. समोर बसवलं, माझा हात धरून कोन बदलला, चुकीचा घाव पडला की नुसतं ‘हं’ म्हणाले. बघणं, करणं, पुन्हा बघणं. तेव्हा या दगडावरून ती माणसं वाक्यं बोलत होती असं सिद्ध होत नाही. एकमेकांजवळ बसून, वेळ देऊन शिकवत असावीत, असं मात्र मला वाटतं. लहान मूल पहिल्या दिवशी अशी कड काढू शकत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी चांगले धोंडे वाया जाऊ दिले, तोवर खायलाही घातलं.

आता कामाचं. दरडीतून आणखी दगड उकरून काढू नका, मुलांनाही काढू देऊ नका. दगड कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होता यातच सगळी माहिती असते आणि उपसला की ती जाते. नदीकडच्या बाजूने दरडीचा पूर्ण फोटो काढा, शेजारी माप म्हणून पट्टी किंवा विळा ठेवा. मुलीने आणलेला दगड धुवून-घासून चकचकीत करू नका, चुनखडी तशीच राहू द्या. कागदात गुंडाळून आत चिठ्ठी ठेवा: तारीख, गट नंबर, जमिनीपासून किती फूट खाली. मग राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवा. पुण्याला जाणं झालं तर मुलीला कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय दाखवून आणा आणि हातकुऱ्हाडींसमोर उभं राहून नागमोडी कड तिलाच शोधू द्या.

कंकर

एक राहिलं. दरडीत हाडासारखं काही दिसलं, पांढरं, जड, दगड झालेलं, तर अजिबात हात लावू नका. गोदावरी-प्रवरेच्या या थरांत जुन्या रानबैलांची आणि हत्तींची हाडं मिळालेली आहेत. पुढचा पूर येण्याआधी कुणीतरी येऊन पाहणं गरजेचं आहे. मी पुढच्या महिन्यात संगमनेरच्या बाजूला येतोय, चालणार असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, येऊन थराची उंची मोजून देतो.